घरात मांजरं जास्त असतील तर आजार कसे रोखायचे: खान्देशातल्या नवीन मांजरवाल्यांसाठी

आपल्याकडे जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा कुठेही बघा, एक मांजर ठेवलेल्या घरात वर्ष-दोन वर्षांत पाच-सात मांजरं होतातच. मांजर वितं, शिवाय गल्लीत एकदा कळलं की या घरी मांजरांना खायला मिळतं, की लोक पिशवीत पिलू आणून फाटकाशी ठेवून जातात. दोन मांजरं सांभाळणं आणि दहा सांभाळणं यात खाण्यापिण्याचा फरक आहेच पण खरा फरक आजारपणात पडतो, कारण दोन मांजरांत शिंक आली तर शिंकच राहते आणि दहांत आठवडाभरात सगळं घर शिंकायला लागतं.

मला एकच गोष्ट सगळ्यात आधी सांगायची आहे. आजार घरात बहुतेक वेळा नवीन मांजराबरोबर शिरतो आणि शिरल्यावर आपल्याच हातांवरून, चपलांवरून, वाट्यांवरून फिरतो. म्हणून पहिला खर्च औषधांवर करू नका, एका वेगळ्या खोलीवर करा, आणि रोजच्या कामाचा क्रम नीट लावा. औषध नंतर येतं.

आधी ओळखून घ्या कोण काय करतं

सगळ्यात घातक पॅनल्यूकोपेनिया, लोक याला मांजरांचा पार्वो म्हणतात आणि ते बरोबरच आहे, कुत्र्यांच्या पार्वोचाच भाऊबंद आहे तो. उलट्या, जुलाब, ताप, पिलू एकदम गळून जातं. एक खूण लक्षात ठेवा, पिलू पाण्याच्या वाटीसमोर पोटाशी पाय घेऊन बसतं, मान वाटीवर टाकलेली, हनुवटी जवळजवळ पाण्यात, तहान असते पण पीत नाही. असं दिसलं की संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. लस नसलेली लहान पिलं यात फार मोठ्या प्रमाणात जातात, कधीकधी तर लक्षण दिसायच्या आतच. आणि हा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो, फरशीच्या फटीत, टोपलीत, गोधडीत.

दुसरा कॅट फ्लू, यात मुख्य दोन विषाणू, हर्पीस आणि कॅलिसी. शिंका, डोळ्यातून पाणी नाहीतर पू, जिभेवर फोड. हर्पीस बाहेर साधारण एका दिवसात मरतो पण ज्या मांजराला एकदा झाला त्याच्या अंगात जन्मभर राहतो आणि ताण आला की परत उफाळतो. कॅलिसी मात्र कोरड्या जागेवर काही आठवडे टिकतो. म्हणजे "ते तर बरं झालं होतं ना" असं म्हणून बरं झालेलं मांजर नवीन पिलांत सोडलं तर पिलं आजारी पडणार.

बाकी गजकर्ण, जंत, पिसवा, कानातली खरूज, हे मोठ्या मांजराचा सहसा जीव घेत नाहीत पण वैताग आणतात, लहान पिलांना मात्र जंत आणि पिसवा जड जाऊ शकतात. एफआयव्ही, म्हणजे मांजराची प्रतिकारशक्ती खाणारा विषाणू, खोल चाव्यातून पसरतो, म्हणजे भांडणाऱ्या बोक्यांत जास्त. ल्युकेमियाचा विषाणू मात्र लाळेतून जातो, एकमेकांना चाटणं, एका वाटीत खाणं, आईचं दूध. या दोन्हीची एकत्र टेस्ट किट असते, थेंबभर रक्तात होते, मिळत असेल तर नवीन मोठ्या मांजराची करूनच घ्या.

वेगळी खोली

खोली म्हणजे मोठं काही नको. वाड्यात मागची न्हाणी असेल, गच्चीवरची खोली असेल, फ्लॅटमध्ये दुसरं बाथरूम असेल तरी चालतं. तीन गोष्टी बघा: दार नीट लागलं पाहिजे, जमीन धुता आली पाहिजे, आणि खोलीला स्वतःची खिडकी पाहिजे.

जमिनीचं आपल्याकडे खास सांगावं लागतं. खेड्यात अजून शेणानं सारवलेली, मातीची जमीन असते आणि मातीत गेलेला पार्वो ब्लीचनं निघत नाही. नवीन किंवा आजारी मांजर अशा जमिनीवर ठेवूच नका, फरशी नसेल तर जाड प्लास्टिकचा कागद पूर्ण अंथरा, कडा भिंतीवर वीतभर चढवा. गोणपाट, लाकडी पाट, सुतळीची खाट, हे पण आत नको, धुऊन स्वच्छ होत नाही. त्यापेक्षा केळीचे पुठ्ठ्याचे खोके घ्या. रावेर-यावल भागात तर पाहिजे तेवढे मिळतात, हवेला भोकं असतात, पिलाला लपायला जागा होते आणि काम झालं की जाळून टाकता येतात. अंथरायला जुन्या सुती साडीचे तुकडे.

उन्हाळ्याचं भान ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या बंद खोलीत मांजर आजारानं मरायच्या आधी उष्माघातानं मरेल. जुनी धाब्याची खोली असेल तर ती उत्तम, थंड राहते. कुलर लावत असाल तर असा लावा की आजारी खोलीतली हवा बाहेर अंगणात जाईल, घरात नाही. एकच कुलर दोन खोल्यांत दार उघडं ठेवून चालवायचा प्रकार सगळीकडे असतो, तो इथे नाही चालणार. शिंकेतले थेंब साधारण चार-पाच फूट जातात, म्हणून एकाच खोलीत पिंजरे ठेवायची वेळ आलीच तर तेवढं अंतर सोडा किंवा मधे पडदा बांधा, समोरासमोर तोंडं तर नकोच.

नवीन मांजर इथे कमीत कमी १४ दिवस. पार्वोची लक्षणं बहुधा दोन ते दहा दिवसांत दिसतात, फ्लूची त्याहून लवकर. गजकर्णाला मात्र एक ते तीन आठवडे लागतात, तेव्हा कुठे केस गेलेला गोल चट्टा दिसला तर मुदत वाढवायची. आणि चौदा दिवस म्हणजे चौदा. दहाव्या दिवशी शेजारची ताई म्हणते, अहो किती खेळतंय ते, चांगलं टणटणीत आहे, सोडा की आता. सोडू नका. ताईंना चहा द्या आणि दार लावून घ्या.

एक नियम अजून, चौदापैकी नवव्या दिवशी त्याच खोलीत दुसरं नवीन मांजर आणलं तर दोघांचाही पहिला दिवस परत सुरू होतो.

लस

मांजरांची तिहेरी लस असते, पॅनल्यूकोपेनिया, हर्पीस, कॅलिसी तिघांवर. घरच्या पिलाला सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, १६ ते २० आठवड्यांचं होईपर्यंत. लोक विचारतात एकदा दिली ना मग परत परत कशाला. कारण असं की आईच्या दुधातून मिळालेली ताकद पिलाच्या अंगात असते तोवर ती लसीलाच हाणून पाडते, आणि ती ताकद कुठल्या पिलात कधी संपेल हे बाहेरून कळत नाही, कुणाची आठव्या आठवड्यात कुणाची पंधराव्या. म्हणून शेवटचा डोस सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच लोक टाळतात.

जिथे खूप मांजरं येतात-जातात अशा ठिकाणी डॉक्टर चार ते सहा आठवड्यांपासूनच सुरू करतात आणि दर दोन-तीन आठवड्यांनी देतात. मोठं मांजर आणलं तर आल्या दिवशीच लस, आठवडाभर बघू मग देऊ असं नाही, पार्वोविरुद्ध काही दिवसांतच संरक्षण सुरू होतं आणि तेच दिवस महत्त्वाचे असतात. गाभण मांजराचं मात्र डॉक्टरांना आधी सांगा. कॅट फ्लूची लस आजार पूर्ण थांबवत नाही, सौम्य करते, हे माहीत असू द्या, नाहीतर लस देऊन पण शिंकतंय म्हणून लोक पुढची लसच सोडून देतात.

रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, मग डॉक्टर सांगतील तशी, आपल्याकडे दरवर्षी देतात. ही नाही चुकवायची.

आता लसीच्या थंडीचं. लस २ ते ८ अंशांत राहायला पाहिजे. मेडिकलमधून लस घेऊन शर्टाच्या खिशात टाकून मोटरसायकलवर तालुक्याहून गावी आणली, भर एप्रिलच्या दुपारी, तर ती देऊन न दिल्यासारखीच. बर्फ घातलेला थर्मास न्या, लस बर्फाला चिकटू देऊ नका, गोठली तरी वाया जाते. सगळ्यात बरं म्हणजे दवाखान्यातच जाऊन द्या आणि तिथे लाईट गेल्यावर फ्रीजचं काय करतात ते सरळ विचारा, चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही.

रोजच्या कामाचा क्रम

माझ्या मते हा भाग बाकी सगळ्यापेक्षा जास्त मांजरं वाचवतो आणि याला पैसेही लागत नाहीत. सकाळी काम सुरू करताना सगळ्यात आधी लहान निरोगी पिलं आणि त्यांची आई, मग मोठी निरोगी मांजरं, मग नवीन आलेली, आणि आजारी सगळ्यात शेवटी. खाणं, पाणी, शी-मुताच्या घमेल्यातली माती बदलणं, औषध, सगळं याच क्रमानं. आजारी खोलीतून निघालात की मागे वळून पिलांना हात नाही लावायचा, आंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय तर नाहीच.

आपलं मन उलटं चालतं, उठल्या उठल्या आधी आजाऱ्याला बघावंसं वाटतं, रात्री कसं गेलं असेल म्हणून. बघा, पण दारातून किंवा खिडकीतून.

आजारी खोलीच्या दारात एक जुना शर्ट खुंटीला आणि एक चपलांचा जोड ठेवा, आत जाताना तेच घालायचे, बाहेर आले की तिथेच काढायचे. वाट्या, झाडू, सुपली, मातीचं घमेलं, सगळं त्या खोलीचं वेगळं, वर लाल ऑइलपेंटचा ठिपका मारा म्हणजे घरातल्या कुणाची गल्लत होत नाही. हात साबणानं धुवा. सॅनिटायझरवर भरवसा ठेवू नका, अल्कोहोलनं पार्वो मरत नाही. घरात मुलं असतील तर एकच मूल या कामाला लावा नाहीतर कुणालाच नको, कारण मुलं एक पिलू मांडीवर आणि एक खांद्यावर घेऊन घरभर फिरतात.

धुणं-पुसणं

फिनेल आणि डेटॉलसारखी दुधाळ होणारी जंतुनाशकं मांजराच्या घरात वापरू नका. मांजराचं लिव्हर फिनॉल जातीची रसायनं नीट पचवू शकत नाही, ओल्या फरशीवरून चालतं, पंजे चाटतं आणि विषबाधा होते. शिवाय पार्वो त्यांनी मरतही नाही, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

वापरायचं ब्लीच, तेच कपड्यांचं साधं, पाच-सहा टक्क्यांचं, वास नसलेलं. एका लिटर पाण्यात ३० मिली. पण आधी साबणाच्या पाण्यानं जागा घासून स्वच्छ करा, कारण विष्ठा, उलटी, केस राहिले तर ब्लीच त्यातच संपतं. मग ब्लीचचं पाणी टाकून जागा दहा मिनिटं ओली राहू द्या, दहा मिनिटं पूर्ण, मग साध्या पाण्यानं धुऊन कोरडी करा, तेव्हाच मांजर आत. टाकलं आणि लगेच पुसलं तर फक्त वास येतो. मिसळलेलं पाणी रोज ताजं करा, आणि ब्लीचची बाटली गच्चीवर उन्हात नको, आपल्याकडच्या उन्हात त्याची ताकद पटकन जाते. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ब्लीच कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो आणि तो माणसाच्याही जीवावर बेततो. मुताच्या घमेल्यात सरळ ब्लीच ओतू नका, आधी धुवा.

नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं अशा गावात एवढं धुणं कसं जमायचं हा प्रश्न खरा आहे. तिथे धुण्यापेक्षा फेकण्यावर भर द्या: खोके, वर्तमानपत्र, साडीचे तुकडे वापरून जाळून टाका, स्टीलच्या वाट्या घ्या, एका बादलीत साबण आणि एका बादलीत ब्लीच असं करून थोड्या पाण्यात काम होतं.

माती, खाणं, गर्दी

मातीची घमेली मांजरांपेक्षा एक जास्त, आणि खाण्याच्या जागेपासून दोन-तीन फूट तरी लांब. लाकूड वखारीतला भुसा, वाळू, काही चालतं, पण रोज दोनदा उचलायचं. एफआयपी नावाचा जो भयंकर आजार आहे त्याचं मूळ एक साधा कोरोना विषाणू असतो, तो विष्ठेतून घमेल्यावाटे एकाचा दुसऱ्याला होतो, बहुतेकांना काही होत नाही, पण एखाद्याच्या अंगात तो बदलतो आणि पोटात पाणी होतं. घमेली स्वच्छ आणि गट लहान, एवढंच आपल्या हातात आहे.

कच्चं चिकन देऊ नका. चिकनच्या दुकानातून मुंडी-पाय, आतडी फुकट मिळतात म्हणून बरेच लोक आणतात, आणा, पण पूर्ण उकडून द्या. नवापूर आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातलं, भारतातला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत तिथल्या पोल्ट्रीत सापडला, २०२१ मध्ये परत आला. २०२५ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात छिंदवाड्याला पाळीव मांजरांमध्येही तो आढळला. मांजराला हा झाला तर बहुधा वाचत नाही.

गर्दीचं गणित सरळ आहे. शेल्टरमध्ये काम करणारे पशुवैद्य गटातल्या दर मांजरामागे साधारण १८ चौरस फूट जागा धरतात, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत पाच. त्याच्यावर गेलं की भांडणं, ताण, आणि ताण आला की दबलेला हर्पीस वर. म्हणून नसबंदी करून घ्या, चार-सहा महिन्यांत करता येते, पिलंही थांबतात आणि बोक्यांची चावाचावीही. आणि नाही म्हणायला शिका. "काय व्हस एक पिलूले" म्हणत कुणी पिशवी पुढे करेल, तुमच्या वेगळ्या खोलीत आधीच मांजर असेल तर खोली रिकामी होईपर्यंत दुसरं घ्यायचं नाही, हे सांगताना जीव तुटतो पण आत असलेल्या दहांचा विचार करा.

जंताचं औषध पिलांना दोन-तीन आठवड्यांपासून दर १५ दिवसांनी, वजनावर, डॉक्टरांना विचारून. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध नको, त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे. गुरांच्या गोचिडांवर फवारायचं औषध तर अजिबात नको, गोठ्यात बाटली असतेच म्हणून थोडं पाणी घालून मांजराला लावतात आणि काही तासांत मांजर थरथरायला लागतं.

रोज बघायचं काय

एक वही करा. कोण जेवलं, कोण नाही, शी कशी, शिंक, डोळे. सगळ्यांना एकाच परातीत दिलं तर कोण जेवलं नाही ते कळत नाही, वेगळ्या वाट्या लावा. पिलांना किराणाच्या छोट्या डिजिटल काट्यावर रोज तोला, दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम वाढ पाहिजे, वजन थांबलं की लक्ष द्या आणि उतरलं की डॉक्टर गाठा. आजार दिसण्याआधी काटा सांगतो. ताप गुदद्वारातून मोजतात, १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल. मोठ्या मांजरानंही दिवसभर तोंडात काही घेतलं नाही तर अंगावर काढू नका. नाक बंद असलं की वास येत नाही म्हणून खात नाही, तेव्हा नाक ओल्या कापसानं पुसून खाणं कोमट करून द्या.

क्रोसिन, पॅरासिटामॉल काही देऊ नका, एक गोळी मांजराला मारते. मेडिकलमधले डोळ्यांचे ड्रॉप स्वतःहून घालू नका, स्टेरॉइड असलं आणि हर्पीसची जखम असली तर डोळा जातो. गजकर्णाला पण माणसांची ती स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब नको.

एकाला झालंच तर

त्याच क्षणी तो वेगळ्या खोलीत, आणि त्याच्याबरोबर राहिलेले सगळे, दिसायला चांगले असले तरी, एक वेगळा गट, १४ दिवस. त्यांना निरोग्यांत परत मिसळायचं नाही. घरात येणं-जाणं बंद, ना नवीन मांजर आत, ना कुणाला पिलू देणं. ज्यांचा डोस राहिलाय त्यांना डॉक्टरांना विचारून लगेच लस.

आपल्याकडचे बरेच पशुवैद्य गाय-म्हशी-बकऱ्या बघण्यात मुरलेले असतात, मांजरं कमी येतात त्यांच्याकडे. त्यांना सांगा की कुत्र्याच्या पार्वोची विष्ठेवरची जी किट असते ती मांजरांच्या पॅनल्यूकोपेनियातही बहुधा चालते, जवळच्या शहरात मिळून जाते. विषाणूवर सरळ औषध नाही, पण सलाईन, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, ऊब, यावर पिलं वाचतात, वेळेत नेलं तर. दवाखाना लांब असेल तर १९६२ वर फोन करा, सरकारी पशुवैद्यकीय हेल्पलाइन आहे.

पार्वोतून बरं झालेलं मांजर विष्ठेतून आणखी काही आठवडे, कधी सहा आठवड्यांपर्यंत विषाणू टाकत राहतं, तोवर वेगळंच. आणि ज्या घरात पार्वो होऊन गेला, त्यात मातीची जमीन असेल तर वर्षभर लस पूर्ण न झालेलं पिलू आणू नका.

आपलं स्वतःचं

पार्वो आणि कॅट फ्लू माणसाला होत नाहीत. गजकर्ण होतं, घरात कुणाला नायटा उठला तर मांजरांची पण तपासणी करा. घरात गरोदर बाई असेल तर घमेल्याचं काम दुसऱ्यानं करायचं, विष्ठेतले टोक्सोप्लाझ्माचे अंडे एक ते पाच दिवसांनी धोक्याचे होतात, म्हणून रोज उचललं की धोका तसाही कमी होतो, मांजर घराबाहेर काढायची गरज नाही.

अनोळखी मांजर चावलं किंवा रक्त येईल असं ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा, हळद-चुना-तिखट काही भरू नका, पट्टी बांधू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, रेबीजची लस तिथे मिळते. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं, ते स्वतःहून विचारा. सगळे डोस घ्यायचे, दोन झाल्यावर बरं वाटतंय म्हणून सोडायचं नाही.